दिएन बिएन फू : फ्रेंच दरीत का बसले आणि तोफा डोंगरावर कशा आल्या

प्रश्न असा आला आहे : "१९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांनी चारी बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत तळ ठोकला आणि व्हिएतनामींनी सायकलींवरून तोफा नेऊन गनिमी काव्याने त्यांना हरवलं, असं ऐकलं. सह्याद्रीत चार किल्ले फिरलेल्या पोरालाही कळतं की वरचा खालच्याला मारतो. मग सैनिकी शाळेत शिकलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना हे कळलं नाही का? आणि अमेरिकेने बाँबफेक केली असती तर ते वाचले असते का?"

माझी नोकरी तोफखान्यातली. बरीच वर्षं डोंगरी तोफखान्यात आणि शेवटी देवळालीला तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यात गेली. तिथे ही लढाई निघाली की वर्गातलं पहिलं उत्तर हेच असायचं : फ्रेंच मूर्ख होते. हे उत्तर सोपं आहे आणि त्यातून हाती काही लागत नाही. इंडोचायनातले (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) फ्रेंच सरसेनापती जनरल नावार, त्यांच्या हाताखालचे जनरल कोन्यी, तळावरचे कर्नल द कास्त्री, सगळे दुसरं महायुद्ध पाहिलेले लोक होते. दरीत बसलो की डोंगरावरून मार बसतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून प्रश्न थोडा फिरवून विचारू या. डोंगरावरून मार बसणार नाही, असं त्यांनी कशाच्या हिशेबावर धरलं होतं? आणि तो हिशेब नेमका कुठे फसला?

आधी ते तिथे गेलेच कशाला, हे थोडक्यात. १९५३ मध्ये व्हिएत मिन्हच्या, म्हणजे फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या, तुकड्या लाओसमध्ये घुसत होत्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने लाओसशी करार केला होता. लाओसकडे जाणारी वाट या दरीतून जाते. दरीत जपानी काळातली जुनी धावपट्टी होती, भातशेती होती. २० नोव्हेंबर १९५३ ला छत्रीधारी सैनिक तिथे उतरले आणि तीन दिवसांत चार हजारांवर माणसं खाली आली. त्यांच्या डोळ्यांसमोर ना सानचं उदाहरण ताजं होतं. वर्षभरापूर्वी, १९५२ च्या अखेरीस, ना सानच्या तळावर व्हिएत मिन्हचा सेनापती ज्याप याच्या फौजेने थेट हल्ले चढवले आणि जबर मार खाऊन ती मागे हटली. विमानातून रसद, भोवती काटेरी तारा, मध्ये तोफा, आणि शत्रू येऊन आपटतोय. हा साचा एकदा चालला होता. फरक दोन होते. ना सानला भोवतालच्या टेकड्या फ्रेंचांच्या हातात होत्या आणि ते हनोईला बरंच जवळ होतं. दिएन बिएन फू हनोईपासून विमानाने सुमारे ३०० किलोमीटर. त्या काळच्या लढाऊ विमानाला तिथे पोहोचून, घिरट्या घालून परत यायचं म्हटलं की घिरट्यांना फार थोडं इंधन उरायचं.

दरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा अरुंद घळ येत असेल. तसं नाही. लांबी सतरा-अठरा किलोमीटर, रुंदी सहा-सात, मधून नाम रोम नदी वाहते. जवळच्या छोट्या टेकड्या फ्रेंचांनी ताब्यात घेऊन तिथे ठाणी केली होती आणि त्यांना बायकांची नावं दिली होती : ईशान्येला बेआत्रिस, उत्तरेला गॅब्रिएल, वायव्येला ॲन-मारी, पूर्वेच्या टेकड्यांवर डॉमिनिक आणि एलियान, दक्षिणेला दूर एकटी इझाबेल. खरे उंच डोंगर त्यांच्या पलीकडे, दाट जंगलाने झाकलेले. म्हणजे वाद 'दरी की डोंगर' असा सरळ नव्हताच. ते मागचे उंच डोंगर धरायचे तर फौज कितीतरी पट मोठी लागली असती आणि तिला रोज विमानातून जेवू घालावं लागलं असतं.

आता तोफखान्याचा हिशेब. तळावरच्या तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरो होते. एक हात महायुद्धात गेलेला, धाडसी, माणसांना आवडणारा अधिकारी. त्यांचा तर्क साधारण असा होता. पहिली गोष्ट, या जंगलात रस्ते नाहीत, तेव्हा दोन-सव्वादोन टनांची १०५ मिलिमीटरची तोफ इथवर येणार नाही. दुसरी, आली तरी तिला रोज लागणारे गोळे कोण वाहणार? चार-दोन दिवसांत ती उपाशी बसेल. आणि तिसरी, तिने तोंड उघडलं की आमच्या २४ हॉवित्झर आणि चार १५५ मिलिमीटरच्या तोफा तिला तिथल्या तिथे गप्प करतील. जादा तोफा देऊ केल्या तर त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं.

यातली तिसरी गोष्ट मला गनर, म्हणजे तोफची, म्हणून सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा उलगडून सांगतो. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की तोफ डोंगराच्या मागच्या उताराला लावायची, म्हणजे शत्रूला तिचा जाळ दिसत नाही. पुढे शिखरावर बसतो तो ओपी, म्हणजे टेहळणी अधिकारी. तो लक्ष्य बघून आकडे मागे कळवतो आणि गोळा डोंगरावरून उडून पलीकडे पडतो. फ्रेंचांनी धरलं की ज्यापचे गनरही हेच करतील. पण उंच डोंगरांच्या मागच्या उताराला तोफ लावली की अंतर वाढतं, शिखर ओलांडण्यासाठी गोळ्याला उंच उडवावं लागतं आणि अकरा किलोमीटरचा पल्ला अपुरा पडू लागतो. पुढच्या उताराला, दरीकडे तोंड करून लावली तर पल्ला पुरेल, पण मग तोफ उघड्यावर आली. पहिला गोळा सुटताच तिची जागा कळणार. दोन्हीकडून कोंडी. तेव्हाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा तर्क बरोबर ठरला असता.

ज्यापने तोफा पुढच्याच उताराला लावल्या, पण डोंगराच्या पोटात. दरीकडे तोंड करून बोगदा खणायचा, त्यावर लाकडाचे ओंडके आणि कित्येक फूट माती, आणि बाहेर फक्त नळीचं तोंड. झाडं न तोडता, फांद्या बांधून झाकलेली. बॅटरी म्हणून चार-सहा तोफा शेजारी-शेजारी लावण्याचा शिरस्ता सोडून एकेक तोफ लांब-लांब पेरली. शिवाय ठिकठिकाणी लाकडी खोट्या तोफा ठेवून जाळ दाखवायची व्यवस्था केली, म्हणजे फ्रेंच गोळे तिकडे वाया जावेत.

याची किंमतही मोठी होती. बोगद्यातली तोफ डावी-उजवीकडे फार वळत नाही. समोरची एक पट्टी ती मारते आणि बाकी तिच्यासाठी नसल्यासारखंच. सगळ्या तोफांचा मारा हवा तेव्हा हव्या त्या एका बिंदूवर आणणं, जे आम्ही तोफखान्याचं खरं बळ मानतो, ते अवघड होऊन बसतं. पण ज्यापचे गनर नवखे होते. न दिसणाऱ्या लक्ष्यावर नकाशा आणि आकडेमोड करून अचूक मारा करायला जे शिक्षण लागतं, ते त्यांच्यातल्या बहुतेकांना पुरेसं मिळालेलं नव्हतं. बोगद्यातून मात्र लक्ष्य समोर डोळ्यांना दिसत होतं. गोळा कुठे पडला ते बघायचं आणि पुढचा सुधारायचा. आपल्या माणसांना काय येत नाही हे ओळखून त्यावर मांडलेली ती रचना होती. १९९९ ला कारगिल युद्धात द्रासमध्ये आपल्या तोफांनीही महामार्गाजवळून समोर दिसणाऱ्या शिखरांवर थेट मारा केला, तेव्हा थेट दिसणाऱ्या लक्ष्यावर काय परिणाम साधतो हे अनेकांनी नव्याने पाहिलं.

उलट बाजूला फ्रेंच तोफा पाहा. त्यांना शत्रू कोणत्या दिशेने येईल माहीत नव्हतं, म्हणून चहूकडे वळता यावं यासाठी त्यांनी तोफा गोल, उघड्या खड्ड्यांत ठेवल्या. वर छप्पर नाही. छप्पर घातलं तर तोफ वळत नाही, वळवायची तर छप्पर नाही. हा पेच प्रत्येक गन पोझिशनवर असतो आणि कुठली बाजू घ्यायची हे समोरच्या तोफखान्याबद्दल तुमचा अंदाज काय, यावर ठरतं. पिरोंचा अंदाज होता की समोर तोफखाना म्हणावा असं काही नसेल. डोंगरावरून मात्र ते गोल खड्डे ताटात वाढल्यासारखे दिसत होते. बंकरांचंही तेच. पूर्ण तळाला नीट छप्पर घालायला लागणारं सामान तीस हजार टनांच्या वर होतं, आणि एक डाकोटा विमान एका खेपेत आणणार अडीच टन. गावकऱ्यांची घरं मोडून लाकूड काढलं, दरीतली झाडी साफ केली, तरी ते पुरणारं नव्हतं. झाडी गेल्यामुळे तळ आणखी उघडा पडला तो वेगळाच.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची मुख्य तोफ एकच होती, अमेरिकन बनावटीची १०५ मिलिमीटरची हॉवित्झर. फ्रेंचांना ती अमेरिकेने मदत म्हणून दिली. व्हिएत मिन्हकडची चीनमार्गे आली, चँग कै-शेकच्या फौजेकडून कम्युनिस्टांच्या हाती पडलेली. आणि इथे पिरोंचा दुसरा मुद्दा ढासळतो. जुलै १९५३ मध्ये कोरियात शस्त्रसंधी झाली. तोवर तिकडे जाणारी चिनी मदत, ट्रक, विमानविरोधी तोफा आणि सल्लागार आता दक्षिणेला वळले. फ्रेंच अंदाज कोरियाचं युद्ध चालू असतानाच्या अनुभवावर बेतलेले होते. नोव्हेंबरमध्ये छत्रीधारी उतरले तेव्हा परिस्थिती बदलून काही महिनेच झाले होते.

आता माझ्या मते या लढाईतला सगळ्यांत मोठा निर्णय, जो कुठल्याही व्हिडिओत दोन वाक्यांत उरकतात. ज्यापचा मूळ बेत जानेवारी १९५४ अखेरीस एकदम झडप घालून दोन-तीन दिवसांत तळ घ्यायचा होता. चिनी सल्लागारांचाही कल तिकडेच होता. २५ जानेवारीची तारीख ठरली, मग ती एक दिवस पुढे ढकलली. २६ तारखेला सकाळी ज्यापने हल्ला रद्द केला. फौज मोर्च्यांवर पोहोचलेली, माणसं तयार, तोफा ओढून आणलेल्या, आणि सेनापती म्हणतो, परत फिरा, तोफाही मागे न्या.

कारणं तोफखान्याच्या माणसाला पटणारी आहेत. तळ आता नोव्हेंबरसारखा कच्चा राहिलेला नव्हता. सगळ्या तोफा जागेवर आलेल्या नव्हत्या, ज्या आल्या त्यांच्यावर मातीचं आवरण नव्हतं. त्याच्या पायदळाने आणि तोफखान्याने एकत्र, एवढ्या मोठ्या प्रमाणावर, कधीच हल्ला केलेला नव्हता. अंधारात लढायची सवय असलेल्या माणसांना उजेडात मोकळ्या भातखाचरांतून जावं लागणार होतं. त्या दिवशी हल्ला झाला असता तर दुसरं ना सान झालं असतं, असं माझं मत आहे. तेव्हा 'फ्रेंच दरीत बसले म्हणून हरले' असं म्हणताना हे लक्षात घ्या की त्याच दरीत ते जानेवारीत जिंकलेही असते. त्यानंतर ज्यापने एक डिव्हिजन लाओसच्या दिशेने पाठवून फ्रेंचांचं लक्ष तिकडे वेधलं आणि स्वतः सहा-सात आठवडे रस्ते, बोगदे आणि धान्य यांत घातले.

तोफा मागे नेणं म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. रस्ता संपल्यावर सुमारे पंधरा किलोमीटर, हजार-दीड हजार मीटर उंचीच्या डोंगरावरून, रात्री, दिवा न लावता. मी पावसाळ्यात चिखलाच्या उतारावर याहून खूप हलकी तोफ दोरांनी उतरवली आहे. चढावर माणसं ओढून दमतात, पण दोर सुटला तर तोफ फार तर अडते. उतारावर तिला ओढायची नसते, अडवायची असते. सगळा भार मागच्या दोरांवर येतो, दोघं जण लाकडी ठोकळे घेऊन चाकांशेजारी वाकून चालतात, आणि नंबर वनच्या, म्हणजे तोफेच्या तुकडीप्रमुखाच्या, प्रत्येक हाकेला चाक वीतभर पुढे सरकतं की ठोकळा खाली. एकाचा पाय घसरला की पुढच्याला बाजूला व्हायलाही जागा नसते. १ फेब्रुवारीला अशाच एका उतारावर दोर तुटला आणि 'तो विन्ह दिएन' नावाच्या गनरने निसटणाऱ्या विमानविरोधी तोफेच्या चाकाखाली स्वतःला झोकून तिला थांबवलं. व्हिएतनाममध्ये शाळकरी मुलांनाही ते नाव माहीत आहे. दुसऱ्या खेपेला तोफा आणल्या तेव्हा मात्र जंगलातून ट्रक जाईल असे रस्ते काढलेले होते. म्हणजे सायकलीवरून तोफ कधीच आली नाही. बहुतेक अंतर ट्रकमागे, आणि शेवटचं माणसांनी दोरांनी ओढून.

मग सायकलींचं काय? त्या होत्या, वीस हजारांच्या आसपास, आणि त्यांचं काम धान्य वाहण्याचं. हँडलला बांबूचा दांडा बांधून लांबवायचा, सीटमागे दुसरा उभा दांडा, आणि दोन्ही बाजूंनी पोती. कोणी चालवत नसे, ढकलत असत. एका सायकलीवर दोनशे किलो सहज, आणि एका गड्याने तर साडेतीनशेच्या वर नेल्याची नोंद आहे. याचं मोल कळायला साधा हिशेब करा. हमालाच्या खांद्यावर पंचवीस किलो तांदूळ, त्याला रोज किलोभर खायला लागतो, जायला दहा दिवस आणि यायला आठ. अठरा किलो तोच खाऊन टाकणार, आघाडीवर पोहोचणार सात. तोच माणूस दोनशे किलोची सायकल ढकलत गेला तर १८२ किलो पोहोचतात. पिरोंच्या हिशेबात फक्त हमाल होता.

तरी सायकलीचं कौतुक जरा आवरतं घ्यायला हवं. गोळाबारूद मुख्यतः सहाशेच्या आसपास ट्रकांनी आणलं, धान्य नद्यांमधून तराफ्यांवरही आलं. फ्रेंच विमानांनी को नोई या नाक्यावर आणि फा दिन घाटात बाँबांचा पाऊस पाडला. दिवसा पडलेले खड्डे रात्री बुजवले जात आणि पहाटेपूर्वी ट्रक पुढे जात. यासाठी अडीच लाखांवर माणसं राबली. ती सगळी आपखुशीने आली का, हे गावागणिक वेगळं असणार. पण १९५३ मध्ये व्हिएत मिन्हने जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली होती. आपल्या नावावर जमीन होणार म्हटल्यावर माणूस पोतं का उचलतो हे महाराष्ट्रातल्या कूळकायद्याच्या पिढीला वेगळं सांगायला नको.

१३ मार्चला संध्याकाळी पाचच्या सुमारास मारा सुरू झाला. वेळ फार विचार करून निवडलेली आहे. गनरला पडणारे गोळे बघून दुरुस्ती करायला तासभर उजेड पुरतो, आणि मग पायदळ निघतं तेव्हा अंधार होऊन फ्रेंच विमानं आंधळी होतात. बेआत्रिसवर परदेशी लीजनची, म्हणजे परदेशी सैनिकांच्या फ्रेंच दलाची, कसलेली बटालियन होती. तिचा कमांडर कमांड-बंकरवर गोळा पडून गेला, त्याच संध्याकाळी त्या विभागाचे प्रमुख कर्नल गोशे गेले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ठाणं पडलं. १५ तारखेला गॅब्रिएल पडलं. दक्षिणेकडच्या इझाबेलवर ठेवलेल्या तोफांचा पल्ला तिथवर जेमतेमही पुरत नव्हता. १७ ला ॲन-मारीवरचे, फ्रेंचांच्या बाजूने लढणारे स्थानिक थाई जमातीचे सैनिक पांगले. पहिल्याच रात्री फ्रेंचांनी १०५ च्या गोळ्यांच्या साठ्याचा जवळपास चौथा हिस्सा उडवला, पण समोरची तोफ गप्प होईना. तोफा शोधून काढणारी छोटी टेहळणी विमानं धावपट्टीवरच मोडली किंवा त्यांना निघून जावं लागलं. पिरो तळावर सगळ्यांची माफी मागत फिरत होते असं बरोबरचे लोक सांगतात. १५ मार्चला त्यांनी आपल्या बंकरमध्ये जीव दिला. मला या माणसाची हेटाळणी कधी करवली नाही. त्यांनी सांगितलं ते हल्ल्याआधी पाहणीला आलेल्या बहुतेक बड्या पाहुण्यांनी, अमेरिकनांसकट, मान्य केलं होतं.

तरीसुद्धा, माझ्या मते तळ पडला तो १०५ मुळे नाही. तळ पडला ३७ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांमुळे. जखमी बाहेर जाणं आणि ताजी माणसं आत येणं धावपट्टीवर अवलंबून होतं, आणि मार्चअखेरपासून तिथे विमान उतरून पुन्हा उडू शकलं नाही. २८ मार्चला अडकलेल्या विमानातली परिचारिका जनव्हिएव्ह द गालार शेवटपर्यंत तळावरच राहिली ती यामुळेच. मग छत्रीने रसद टाकायची. पण त्या तोफांच्या भीतीने विमानं उंचावरून टाकू लागली आणि तळाचा घेर रोज आक्रसत होता, त्यामुळे खाली येणाऱ्या पेट्यांपैकी कितीतरी थेट व्हिएत मिन्हच्या खंदकांत पडायच्या. त्यांत १०५ चे गोळेही असत, आणि तोफ एकच असल्याने ते तसेच परत फ्रेंचांवर यायचे.

गनिमी कावा म्हणाल, तर या दरीत तो नव्हता. चार पायदळ डिव्हिजन, एक तोफखान्याची जड डिव्हिजन, आणि दोन महिने चाललेला वेढा. आपल्या बखरींमधल्या किल्ल्याच्या वेढ्याच्या जास्त जवळचं प्रकरण : मोर्चे पुढे सरकवायचे आणि शेवटी सुरुंग. गनिमी कावा बाकीच्या देशभर चालू होता, लाल नदीच्या खोऱ्यात, रस्त्यांवर, रेल्वेवर, आणि त्याने फ्रेंच बटालियनी जागोजागी अडकवून ठेवल्या. त्यात नावारने त्याच हिवाळ्यात मध्य किनाऱ्यावर वेगळीच मोहीम काढून बरीच फौज तिथे गुंतवली. दिएन बिएन फूला द्यायला राखीव म्हणून फार काही उरलं नव्हतं.

आणि व्हिएत मिन्हलाही हे स्वस्तात मिळालेलं नाही. ३० मार्चपासून पूर्वेच्या टेकड्यांवर लाटांवर लाटा सोडल्या तेव्हा इतकी माणसं पडली की त्यांच्या फौजेचं मनोबल डळमळलं. एलियान १ तर फ्रेंच अधिकारी बिजार यांच्या छत्रीधाऱ्यांनी एप्रिलमध्ये परत जिंकून घेतली. त्यानंतर ज्यापने पुन्हा फावडं हातात घेतलं. शंभर किलोमीटरहून जास्त खंदक खणून त्याने तळ आवळला आणि एलियान २ च्या टेकडीखाली बोगदा काढून जवळपास टनभर स्फोटकं भरली. ती ६ मे च्या रात्री उडाली, ७ मे ला संध्याकाळी तळ पडला. साधारण अकरा हजार माणसं कैद झाली. त्यांतली बरीच पायी चालताना आणि छावण्यांत भूक-रोगाने गेली, परत आली ती साडेतीन हजारांहून कमी. विजयाच्या कहाण्यांमध्ये हा आकडा गाळू नये.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून होती हेही मान्य करतो. इथे अडकलेली फौज इंडोचायनातल्या एकूण फ्रेंच फौजेचा अगदी लहान हिस्सा होती. निव्वळ संख्येने पाहता युद्ध इथे संपायचं कारण नव्हतं. पण ८ मे ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, जिनिव्हात इंडोचायनावर बोलणी सुरू व्हायची होती आणि पॅरिसमध्ये हे युद्ध सगळ्यांनाच नको झालं होतं. जिनिव्हात अशी बोलणी होणार हे दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत होतं. म्हणून ज्याप एवढी माणसं खर्ची घालायला तयार होता. जुलैत करार झाला, १७ व्या अक्षांशावर देश तात्पुरता विभागला, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं. आपल्या फौजेतले अधिकारी त्यानिमित्ताने तिकडे गेले होते.

राहिला अमेरिकन बाँबफेकीचा प्रश्न. फिलिपाइन्समधून बी-२९ विमानं पाठवण्याचा बेत खरोखर शिजला होता. आयझेनहॉवरने काँग्रेसचा आणि मित्रदेशांचा पाठिंबा असल्याशिवाय नाही म्हटलं आणि ब्रिटनने नकार दिला. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीत, व्हिएत मिन्हच्या पुरवठ्याचं ठिकाण असलेल्या तुआन ज्याओच्या रस्त्यावर आणि साठ्यांवर, सतत दोन-तीन आठवडे मारा झाला असता तर काही जमलं असतं. एप्रिलअखेर दोन्ही बाजूंचे खंदक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आलेले, पावसाळी ढग दरीवर उतरलेले, तोफा मातीच्या पोटात. आणि वेढा ढिला पडला असं धरलं तरी आतल्या हजारो जखमींना काढायला धावपट्टी हवी. तिच्यावर रोखलेल्या, एकेकट्या पेरलेल्या त्या ३७ मिलिमीटरच्या तोफा इतक्या उंचावरून उडणाऱ्या बाँबरला टिपता आल्या नसत्या.